वाकडी गिटार

माझी बोटं नाजूक आहेत हे मला पहिल्यांदा रोह्याला कळलं. पेणमध्ये तोवर कुणाला तशी शंकाही आली नव्हती. आमचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काही वेगळी इमारत नव्हे. पुढची ओटी, माजघर आणि मागचा मांडव, म्हणजे स्वयंपाकघर सोडलं तर सगळं घरच. बाबा मूर्ती घडवत, आई रंगकाम करी आणि डोळे आखी, आणि मी चालायला लागल्यापासून शाडूत होते. माती मळायची, सोंडा जोडायच्या, वाळलेल्या मूर्तीवरून पॉलिशपेपर फिरवायचा. दगडासारखा झालेला गोळा मी हाताच्या टाचेने दाबून दाबून मऊ करायचे. "शालूचा अंगठा म्हंजे पक्कड हाय," असं बाबा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. अशा मुलीला कुणी नाजूक म्हटलं तर तिने रागवावं की हसावं? मी रागावले. अजून रागावलेलीच आहे, म्हणून तर हे लिहायला बसले.

आमच्या घरात दिवसभर घासण्याचा आवाज असे. त्यावर रेडिओ, रेडिओवर बाबांची शीळ, आणि मागे आईच्या भाकऱ्यांची थापथाप. पण आई डोळे आखायला बसली की रेडिओ बंद. दोन-चार केसांचा ब्रश घेऊन ती मूर्तीच्या तोंडासमोर बसे आणि श्वास धरी. तेवढ्या वेळात कुणी भांडं वाजवलं तर बाबासुद्धा बोलणी खात. डोळे पुरे झाले की ती मोठा श्वास सोडून म्हणे, "हां, बोला आता," आणि सगळं घर एकदम बोलायला लागे. दुपारी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, नाहीतर जवळ्याची चटणी. ज्याच्या हाताला रंग असेल त्याला आई उभ्याउभ्या घास भरवी. घरात कुणी वाजवणारं नव्हतं. आरतीची झांज धरली तर ती वेगळी.

गिटार आली ती मामाकडून. मामा रोह्याला राहायचा आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. त्याच्या शेजारचे फर्नांडिस नावाचे फोरमन बदली होऊन गेले, तेव्हा सामानात मावेना म्हणून गिटार त्याच्याकडे ठेवून, "कुणी वाजवणारं भेटलं तर देऊन टाका," असं सांगून गेले. मी मे महिन्यात चार दिवस मामाकडे होते. खुंटीवरची ती गिटार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि माझ्या बरगड्यांपर्यंत काहीतरी थरथरलं. ते मला फार आवडलं. दुसरं काही कारण नाही. तेव्हा मी मॅट्रिक होऊन कारखान्यात पूर्ण वेळ बसू लागले होते आणि आपल्यालाही काही स्वतःचं असावं असं फार वाटत होतं. मामा म्हणाला, "ने गो, नायतरी इथं उंदीरच वाजवणार." एसटीत मी ती चादरीत गुंडाळून छातीशी धरून बसले होते. नागोठण्याला चढलेल्या बाईने काळजीने विचारलं, "पोर आजारी हाय काय गो?"

पुढच्याच महिन्यात पाऊस लागला आणि आमचा खरा हंगाम सुरू झाला. पेणचा पावसाळा म्हणजे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि आगकाडी दहा वेळा घासावी लागते. अशा हवेत मातीच्या मूर्ती वाळायच्या कशा? त्यासाठी मांडवाच्या कडेला आमची बंद खोली होती. खिडक्यांना पोती, आत कोळशाच्या चार शेगड्या आणि वर मोठे दिवे. तिथे रांगेने मूर्ती ठेवल्या की आठवड्याचं वाळणं दोन दिवसांत होई. बाबांना माझ्या गिटारीची काळजी वाटली. "लाकूड हाय. हवेनं फुगंल, बुरशी धरंल," असं म्हणून त्यांनी ती त्या खोलीत, शेगडीच्या वरच्या आढ्याला टांगली. घरातली सगळ्यात कोरडी जागा ती. पेणमध्ये ज्याच्यावर जीव असतो ते शेगडीच्या खोलीत ठेवतात. गणपती जातो तिथे गिटार का जाऊ नये? ती तिथे अनंत चतुर्दशीपर्यंत लटकत होती, तारा ताणलेल्या तशाच.

वाद्यातलं ज्याला थोडं कळतं तो हे वाचून कपाळाला हात लावेल. गिटार सोपी की अवघड हे एका गोष्टीवर ठरतं, तारा खालच्या लाकडापासून किती उंच आहेत यावर. जवळ असतील तर बोट टेकवलं की सूर येतो. उंच असतील तर तेच बोट मोडेपर्यंत दाबावं लागतं. आमच्या शेगडीने लाकूड आणि ते जोडणारा सरस दोन्ही मऊ केले, तारांनी चार महिने ओढ दिली आणि गिटारीची मान पुढच्या बाजूला वाकली. तारा वर उचलल्या गेल्या. डोळ्याला दिसेल इतकं नव्हतं ते. आणि मला दिसणार तरी कसं, मी दुसरी गिटार पाहिली कुठे होती?

दसऱ्यानंतर काम सैलावलं तसं मी दर शनिवारी रोह्याला मामाकडे जाऊ लागले. तिथे वसंत मास्तर गिटार शिकवायचे. त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नं, सत्यनारायण, कंपनीची गॅदरिंगं, सगळीकडे त्यांचं नाव. माणूस वाजवायचा सुंदर, हे मी आजही कबूल करते. रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर क्लास भरे. तीन मुलगे आणि मी. माघी गणपतीला रोह्याच्या बाजारपेठेतल्या मंडळाने त्यांचा कार्यक्रम ठेवला होता आणि मास्तर म्हणाले होते, "जो तयार होईल तो माझ्याबरोबर स्टेजवर बसेल." ते वाक्य मी पेणपर्यंत घोकत आले. मला स्टेजवर बसायचं होतं, मांडीवर गिटार घेऊन, सगळ्यांच्या समोर. मूर्तीखाली कधी माझं नाव लागलं नव्हतं आणि लागणारही नव्हतं. ही एक गोष्ट लोकांनी माझी म्हणून पाहावी एवढंच मला हवं होतं.

मास्तरांचा एक ठाम विश्वास होता. बोटातून रक्त आल्याशिवाय वाद्य येत नाही. पहिला महिना मी तो प्रसादासारखा मानला. बोटांच्या टोकांना चिरा पडत, मामी हळद लावी आणि कपाळाला आठ्या घालून म्हणे, "हे वाजवणं हाय की कोयता धरणं?" साध्या कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारा एकदम दाबून काढायचे सूर, कशाबशा जमल्या. मग आला एफ. एफ म्हणजे पहिल्या बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पुढच्या घरांतल्या. मी दाबी तेव्हा दोन तारा वाजत, बाकीच्या ठप्प. दिवाळी गेली, थंडी आली, शेतात वाल फुलले, मुलांचे एफ वाजू लागले आणि माझा ठप्पच. "मुलींच्या हाताला जोर नसतो," मास्तर मुलांना समजावून सांगत, मी तिथे नसल्यासारखं. "शालिनी, तू गात जा. गळा बरा आहे तुझा."

"मास्तर, माझ्या हाताला जोर आहे," मी म्हटलं. "मला वाटतं ही गिटारच जड लागते."

मास्तर हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

दिलीप नावाचा मुलगा तर इतका हसला की त्याची गिटार मांडीवरून घसरली. मी खाली मान घालून बसले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला ते पटलंही. एसटीत खिडकीशी बसून मी माझ्या बोटांकडे परक्याच्या वस्तूसारखी बघत होते आणि मला त्यांची लाज वाटत होती. कमावलेल्या हातांची लाज वाटायला लावणं हे किती हलकट काम आहे हे मला फार उशिरा समजलं.

त्यानंतरच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. मास्तर आत दाढी करत होते. त्यांची गिटार ओटीवरच्या खाटेवर होती. तिला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. मी लावला. सरळ मांडीवर घेतली आणि एफ धरला. जोर लावायच्या आधीच बोटं तारांसकट लाकडाला टेकली आणि सगळ्या तारा एकदम बोलल्या. मला वाटलं, चुकून झालं. पुन्हा धरला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला आनंद झाला नाही, संताप आला. खिडकीत मास्तरांची आगपेटी होती. त्यातली एक काडी काढून मी त्यांच्या गिटारीच्या बाराव्या पट्टीवर तारेखाली सरकवून पाहिली. काडी जाईना. मग माझ्या गिटारीवर त्याच जागी पाहिलं. एकीवर एक ठेवून दोन काड्या आरपार गेल्या आणि वर जागा उरली.

मास्तर तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर आले. "ठेव ती! कुणाला विचारून घेतलीस?"

"मास्तर, तुम्ही ही एकदा वाजवा," म्हणत मी माझी गिटार पुढे केली. तोवर मुलंही आली होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी एफ धरला. ठप्प. बोटं बदलून पुन्हा धरला. ठप्पच. गालावरचा साबण वाळत होता.

"ही गिटार टाकाऊ आहे," ते म्हणाले. "दुसरी घे."

"तीन महिने माझी बोटं टाकाऊ होती ना, मास्तर? ती आज कशी बरी झाली?"

ओटीवर कुणी हसलं नाही. मास्तर तांबडे झाले. "जीभ फार चालते तुझी. पंधरा दिवसांत याच गिटारीवर अख्खं गाणं वाजवून दाखव. नाहीतर माघीला तू फक्त गाशील, ते नको असेल तर येऊच नकोस."

घरी आले ती धुमसत. बाबांच्या समोर गिटार ठेवली आणि तारांकडे बोट दाखवलं. बाबांनी ती उचलली, एक डोळा मिटला आणि मूर्तीचा कणा बघावा तशी ती लांबून मानेवरून पाहिली. मग खाली ठेवून म्हणाले, "वाकली हाय गो. शेगडीनं. म्या टांगली ना तिथं." त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी रागावून आले होते, पण आता कुणावर रागावू? "तुमी कशाला वाईट वाटून घेता, कुणाला म्हायती होतं," एवढंच म्हटलं. आई आतून म्हणाली, "रडून काय होणार? ज्या शेगडीनं वाकली त्याच शेगडीनं सरळ करा." कसली सरस कल्पना होती ती! पुढे कित्येक वर्षांनी मुंबईत वाद्य दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं की मान सरळ करायची अशीही एक रीत आहे. आईला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिने आयुष्यभर शेगडीची ऊब आणि रंगात कालवायचा सरस यांचंच काम केलं होतं.

आम्ही तारा काढल्या. बाबांनी सरळ सागवानी पट्टी मानेवर ठेवली, दोन्ही टोकांखाली चिंध्यांच्या घड्या दिल्या आणि मधोमध सुतळीचे वेढे देऊन मान पट्टीकडे ओढून बांधली. मग एकच शेगडी, तीही मंद. हंगाम नसताना ती खोली पेटलेली बघून आळीतल्या बायका डोकावल्या. "काय वो, कुणाचं बाळंतपण?" "गिटारीचं," आई म्हणाली, "शेक देतोय." आठवडाभर आळीला दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी शेगडी विझवून गिटार बांधलेली तशीच थंड होऊ द्यायची, सकाळी एक वेढा वाढवायचा. असे पाच दिवस. सहाव्या दिवशी सुतळी सोडली तेव्हा मान सरळ होती, पण अगदी पुरती नव्हे. तारा चढवून पाहिलं तर अजून दीड काडी.

उरलेलं काम घासायचं होतं. तारा जिच्यावरून जातात ती खालची हाडाची पट्टी बारीक करायची. घासलेलं परत येत नाही. कानशीचा एक हात जास्त फिरला असता तर तारा लाकडावर आपटून खरखरल्या असत्या आणि पंधरा दिवसांतले उरलेले आठ वाया गेले असते. बाबांचा हात त्या दिवशी धजेना. आईने कानस माझ्या हातात दिली. "तूच घास. नाक घडवतीस ना, तसं. थोडं घासायचं, बघायचं, परत थोडं." आणि ती समोर बसली, तिने श्वास धरला, बाबांनी उठून रेडिओ बंद केला. दुपारभर मी घासत होते. तार चढवायची, काडी सरकवायची, उतरवायची, परत घासायचं. जेव्हा काडी तारेला लागून अडू लागली तेव्हा आई म्हणाली, "हां, बोला आता." मी एफ धरला. तो वाजला, आणि मला हुंदका आला. बाबा उठून मांडवात गेले.

आता नातीची गिटार बघते. दुकानवाल्याने तारा खाली करूनच दिली आहे. ती पहिल्या दिवशी गाणं वाजवते आणि कुणी तिला आळशी म्हणत नाही. आमच्या वेळच्या किती मुलांनी आपले हात वाईट आहेत असं समजून वाद्य खुंटीला लावलं असेल, कोण जाणे. आपल्याकडे त्रासाला फार मान. ज्याने सोसलं तो मोठा, ज्याने काडी घालून मोजलं तो आगाऊ. मी आगाऊ होते, आहे, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही.

ठरल्या रविवारी बाबाही माझ्याबरोबर रोह्याला आले. मी ओटीवर बसून अख्खं गाणं वाजवलं, कुठेही न अडखळता. दिलीपने गिटार मागून घेतली, वाजवली आणि म्हणाला, "मास्तर, ही तर आपल्यापेक्षा हलकी लागते. शालिनीताई, माझीपण घासून देशील काय?" ताई तो त्या दिवसापासून म्हणायला लागला. मास्तर मात्र म्हणाले, "सोपी करून वाजवलीस. त्यात काय मोठं?"

"मास्तर, मी अवघड वाजवायला आलेच नव्हते," मी म्हटलं. "मला गाणं वाजवायचं होतं."

मास्तर शब्दाला मात्र जागले, पण अर्धेच. "ये माघीला. फक्त मागे बस, ढोलकीच्या पलीकडे. पुढे पोरगी गिटार घेऊन दिसली तर लोक गाणं ऐकायचे नाहीत." परतताना बस स्टँडवर चहा पिता पिता बाबा म्हणाले, "एवढी घडवली ती मागं ठेवायला काय?" एवढंच.

माघी गणपतीला संध्याकाळी मंडपात माणूस मावत नव्हता. आई पेणहून नवं लुगडं नेसून आली होती आणि बाबांबरोबर तिसऱ्या रांगेत बसली होती. स्टेजवर पुढे मुलांच्या तीन खुर्च्या, मागे ढोलकीवाला, त्याच्याही मागे खांबाच्या आडोशाला माझी. तिथून मला लोक दिसत नव्हते आणि लोकांना मी. मास्तर माइकवर "रसिक श्रोतेहो" म्हणाले तेव्हा मी उठले. एका हातात गिटार, दुसऱ्या हाताने खुर्ची धरली आणि ती स्टेजच्या फळ्यांवरून ओढत पुढे आणली. लोखंडी खुर्ची होती, ती अशी किंचाळली की अख्खा मंडप गप्प झाला. दिलीपने आपली खुर्ची जरा सरकवली. मी त्याच्या शेजारी बसले.

मास्तर माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "शालिनी, मागे."

"मागं ऐकू येत नाय, मास्तर."

"काय ऐकू येत नाही तुला?"

"मला नाय. लोकांना."

त्यांनी समोरच्या गर्दीकडे पाहिलं आणि माइकवरचा हात काढला. मग ताल द्यायला हात वर केला. तो खाली यायची मी वाट पाहिली नाही. मी सुरुवात केली आणि मुलांना माझ्या मागोमाग यावं लागलं, मास्तरांनाही.